भाषणाचे पहिले वाक्य

प्रश्न

मी सांगलीत विश्रामबागेत राहते. माझा मुलगा सातवीत आहे. येत्या १५ ऑगस्टला त्याच्या शाळेत वक्तृत्व स्पर्धा असून ‘आपले राष्ट्र कसे घडले’ हा विषय दिला आहे. माझे सासरे माळकरी आहेत आणि दर वर्षी वारी करतात. यंदा पंढरपूरहून परतल्यावर त्यांनी नातवाला भाषण लिहून दिले. त्याचे पहिले वाक्य असे आहे : ‘ईश्वराच्या कृपेने आणि संतांच्या पुण्याईने हिंदूंची ही पवित्र भूमी स्वतंत्र झाली.’ माझ्या पतींनी ते वाक्य खोडून वर लिहिले, ‘देशाचा आणि धर्माचा काहीही संबंध नाही.’ तेव्हापासून घरात अबोला आहे. रात्री मुलाने मला विचारले, ‘आई, माझ्या बाकावर बसणारा मित्र मिरजेचा आहे, मुसलमान आहे. तो आजोबांचे हे भाषण म्हणू शकेल का?’ मला उत्तर देता आले नाही. देवाधर्माच्या वाटेने मुलांना देशप्रेम शिकवणे चूक आहे का? फाळणीसारख्या गोष्टी या वयात सांगाव्यात का? आणि या दोघांच्या मध्ये मी काय करावे? सासऱ्यांचे वडील बेचाळीस साली तासगावच्या मोर्चात होते, एवढे ऐकून आहे, त्यामुळे या विषयावर त्यांच्याशी बोलण्याचा मला अधिकार नाही असे वाटत राहते.
— एक आई, सांगली

उत्तर

ताई, सप्रेम नमस्कार.

साताऱ्याच्या एका शाळेत मी बत्तीस वर्षे इतिहास शिकवला. त्या काळात स्वातंत्र्यदिनाची आणि प्रजासत्ताकदिनाची किती भाषणे ऐकली याची गणती नाही. मुले मुठी आवळतात, आवाज चढवतात, शेवटी ‘जय हिंद’ म्हणून धावत खाली उतरतात, आणि दुसऱ्या दिवशी विचारले तर आपण काय बोललो यातले अवाक्षरही त्यांना आठवत नाही, कारण ते सारे मोठ्या माणसांनी लिहिलेले असते. तुमच्या मुलाने मात्र पाठ करायला घेण्याआधीच विचारले की, माझ्या शेजारी बसणारा हे म्हणू शकेल का. तुम्हाला उत्तर सुचले नाही याचे वाईट वाटून घेऊ नका. नेमका हाच प्रश्न १७ ऑक्टोबर १९४९ रोजी घटना समितीपुढे आला होता, आणि तिथेही एकमत न झाल्यामुळे मते मोजावी लागली होती.

त्या दिवशी उद्देशिका चर्चेला होती. मसुद्याची सुरुवात ‘आम्ही, भारताचे लोक’ या शब्दांनी होत होती. ह. वि. कामत यांनी दुरुस्ती मांडली की, त्याआधी ‘ईश्वराच्या नावाने’ हे शब्द घालावेत. गोविंद मालवीय यांना ‘परमेश्वराच्या कृपेने’ असे हवे होते, म्हणजे तुमच्या सासऱ्यांच्या वाक्यातले पहिले दोन शब्द दिल्लीच्या सभागृहात जवळजवळ तसेच्या तसे उच्चारले गेले होते. त्यावर आसामचे रोहिणीकुमार चौधरी उठून म्हणाले की, आम्ही शक्तीचे उपासक आहोत, देवाचे नाव घेताना देवीला वगळले तर आमचा विरोध राहील. पट्टम थाणू पिल्लै यांनी हरकत घेतली की, ही श्रद्धेची सक्ती ठरेल. हृदयनाथ कुंझरू यांना, माणसाच्या सर्वांत आतल्या आणि पवित्र भावनेचा विषय वादाच्या आखाड्यात ओढला गेला याचाच खेद वाटला. पूर्णिमा बॅनर्जी यांनी तर कामतांना विनवले की, ईश्वरावर मतदान करण्याचा अवघड प्रसंग आमच्यावर आणू नका. कामतांनी आग्रह सोडला नाही. बाजूने ४१ आणि विरोधात ६८ मते पडली.

हा प्रसंग मी वर्गात सांगत असे, तेव्हा मागच्या बाकावरून एखादा तरी पोरगा ओरडे, ‘बाई, म्हणजे देव सत्तावीस मतांनी पडला!’ वर्ग हसे, मीही हसू देत असे. हसणे ओसरल्यावर मी विचारत असे की, ते अडुसष्ट जण घरी गेल्यावर देवापुढे दिवा लावत नसतील का? मग मुले गप्प होत. ज्या उद्देशिकेत प्रत्येकाला श्रद्धेचे स्वातंत्र्य द्यायचे, तिचे पहिलेच शब्द एका श्रद्धेला बांधले, तर पुढे दिलेला शब्द तिथेच मोडतो, एवढी साधी अडचण त्यांना दिसली होती, आणि बाराव्या वर्षी तुमच्या मुलालाही तीच दिसली आहे. कामतही मतदानात हरले म्हणून रुसून बसले नाहीत. पुढे ते त्याच घटनेखाली निवडून येऊन लोकसभेत बसले. आणि त्याच घटनेच्या तिसऱ्या अनुसूचीत लोकप्रतिनिधींच्या शपथेचे दोन पर्याय आहेत : ज्याला देव साक्षी हवा आहे त्याने ‘ईश्वरसाक्ष शपथ घेतो’ म्हणावे आणि ज्याला नको आहे त्याने ‘गांभीर्यपूर्वक दृढकथन करतो’ म्हणावे. दोघांचे पुढचे शब्द सारखेच आणि दोघांची खुर्चीही सारखीच. सर्वांच्या वतीने बोलायचे त्या जागी देवाचे नाव घातले नाही, आणि जिथे एकेक माणूस स्वतःच्या वतीने बोलतो तिथे ते त्याच्यावर सोपवले. तुमच्या पहिल्या प्रश्नाचे माझे उत्तर याच भेदात आहे. श्रद्धेच्या वाटेने देशप्रेम शिकवण्यात काही चूक नाही, जोवर ते ‘माझी श्रद्धा मला इथवर घेऊन आली’ असे सांगते. ‘माझी श्रद्धा आहे म्हणून हा देश माझा, आणि तुझी वेगळी आहे म्हणून तुझा जरा कमी’ असे ते सांगू लागले की तिथे थांबवावे लागते.

या कसोटीवर तुमच्या घरातली दोन्ही वाक्ये टिकत नाहीत, आणि मी दोघांनाही सूट देणार नाही. वयाचा मान ठेवून आधी सासऱ्यांचे वाक्य घेऊ. ‘ईश्वराच्या कृपेने’ हा त्यांचा भाव आहे, त्याला कोणी हात लावू नये. ‘संतांच्या पुण्याईने’ यातही तथ्य आहे, कारण या मुलखातल्या माणसाला जातीच्या पलीकडे पाहायला जे थोडेबहुत शिकवले गेले, त्यात अभंगांचा वाटा मोठा आहे. वाक्य अडते ते ‘हिंदूंची’ या एका शब्दापाशी, आणि ते मला आवडत नाही म्हणून नव्हे, तर नोंदींशी जुळत नाही म्हणून. ज्या घटना समितीने ९ डिसेंबर १९४६ पासून २६ नोव्हेंबर १९४९ पर्यंत, दोन वर्षे अकरा महिने आणि सतरा-अठरा दिवस खपून या देशाची घडी बसवली, तिचे उपाध्यक्ष हरेंद्र कुमार मुखर्जी ख्रिस्ती होते. तिथे मौलाना आझाद होते, जेझुइट पाद्री जेरोम डिसूझा होते, आदिवासींच्या वतीने ठणकावून बोलणारे जयपाल सिंग होते, आणि बेगम ऐजाज रसूल होत्या, ज्यांनी स्वतः मुसलमान असून धर्मावर आधारलेल्या राखीव जागांना विरोध केला. मसुदा समितीचे अध्यक्ष डॉ. आंबेडकर यांचे नाव ७ नोव्हेंबर १९०० रोजी आमच्या साताऱ्यातल्या, आज प्रतापसिंह हायस्कूल म्हणून ओळखल्या जाणाऱ्या शाळेत दाखल झाले. लहानपणी वर्गात बसायला ज्यांना स्वतःचे गोणपाट न्यावे लागले, त्यांना या भूमीच्या पावित्र्याचा अनुभव कसा आला असेल, हे सासऱ्यांना विचारायला हरकत नाही. प्रश्न उद्धट नाही आणि त्यांच्यासारख्या माळकऱ्याला तो कळेल.

आता तुमच्या पतींचे वाक्य. ‘देशाचा आणि धर्माचा काहीही संबंध नाही’ हे शासनाने कसे वागावे याचे वर्णन म्हणून चालेल. पण राष्ट्र कसे घडले या विषयाचे उत्तर म्हणून ते सरळ चुकीचे आहे. स्वातंत्र्य तीन-साडेतीन महिन्यांवर आलेले असताना, १ मे १९४७ रोजी साने गुरुजी पंढरपूरला उपोषणाला बसले, ते विठ्ठलाचे मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून. स्वातंत्र्यासाठी अनेकदा तुरुंगात गेलेल्या त्या माणसाला दिल्लीत सत्तांतर होत असताना पंढरपूरच्या दाराची एवढी चिंता का वाटावी? कारण विठ्ठलापुढे ज्याला उभे राहता येत नाही, त्याला लाल किल्ल्यावरचा झेंडा आपला वाटेल अशी खात्री त्यांना देता येत नव्हती. हा लढा श्रद्धेच्या पोटातून आला होता. दहा दिवसांनी उपोषण सुटले आणि मंदिर खुले झाले. तुमचे सासरे दर आषाढीला ज्या दारातून आत जातात, त्या दाराची ही गोष्ट आहे, आणि ती त्यांनी नातवाला सांगितली तर भाषणाचा निम्मा भाग तिथेच तयार होईल.

दुसरे उदाहरण आणखी जवळचे आहे. सातारा जिल्ह्यातल्या औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी हे यमाई देवीचे भक्त आणि सूर्यनमस्काराचे कट्टर पुरस्कर्ते होते. देश स्वतंत्र व्हायला आठ वर्षे असताना, १९३९ साली त्यांनी आपली सत्ता प्रजेच्या हाती देणारी राज्यघटना लागू केली. ती घडवताना मार्गदर्शन गांधीजींचे होते, राजपुत्र आप्पासाहेब पंत पुढे होते, आणि मदतीला मॉरिस फ्रीडमन नावाचा, पोलंडमध्ये ज्यू कुटुंबात जन्मलेला अभियंता होता. याच फ्रीडमन यांच्या कल्पनेतून आटपाडीजवळ कैद्यांची स्वतंत्रपूर ही खुली वसाहत उभी राहिली. आटपाडी तेव्हा औंध संस्थानात होते, आज तुमच्या सांगली जिल्ह्यात आहे. एक देवीभक्त राजा, एक ज्यू अभियंता आणि खेड्यापाड्यांतले शेतकरी मिळून स्वराज्याचा प्रयोग करतात, आणि त्यातल्या कोणालाही आपला देव घरी ठेवून यावे लागत नाही. हे पाहिल्यावर ‘काहीही संबंध नाही’ असे म्हणवत नाही.

तुमच्या मुलाच्या दप्तरात याच विषयाचा एक कागद रोज असतो आणि त्याकडे कोणी पाहत नाही. बालभारतीच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकाच्या सुरुवातीला उद्देशिका आणि प्रतिज्ञा छापलेली असते. एका संध्याकाळी, दूरचित्रवाणी बंद करून, ती उद्देशिका तुमच्या पतींना मोठ्याने वाचायला सांगा आणि शेवटाकडे थांबवा. ‘अंगीकृत आणि अधिनियमित करून स्वतःप्रत अर्पण करत आहोत.’ अर्पण हा शब्द आपण कुठे वापरतो? देवाला फूल अर्पण करतो. इथे लोक स्वतःच स्वतःला एक वस्तू अर्पण करत आहेत. कायद्याच्या भाषेत पूजेचा एक शब्द शिरला आहे, पण देव्हाऱ्यात मूर्ती कोणा एकाची ठेवलेली नाही. थोडे वर त्याच उद्देशिकेत ‘विश्वास, श्रद्धा व उपासना’ हे तीन शब्द ओळीने आले आहेत, तेही पतींच्या नजरेस आणून द्या. मग सासऱ्यांना प्रतिज्ञेतले ‘त्या परंपरांचा पाईक होण्याची पात्रता’ हे शब्द वाचू द्या. पाईक म्हणजे पायदळातला शिपाई. तुकाराम महाराजांचे पाईकाचे अभंग त्यांना पाठ असण्याचा संभव आहे. तेलुगू लेखक पैडिमर्री वेंकट सुब्बाराव यांनी १९६२ साली लिहिलेली ही प्रतिज्ञा मराठीत आणताना ज्याने कोणी पाईक हा शब्द निवडला, त्याच्या कानात वारी असावी असे मला नेहमी वाटत आले आहे. हा माझा तर्क आहे, परीक्षेत लिहू नये. पण ती प्रतिज्ञा तुमचा मुलगा आणि त्याचा मिरजेचा मित्र रोज सकाळी एकाच रांगेत उभे राहून म्हणतात, आणि तिच्यातला एकही शब्द दोघांपैकी कोणालाही गिळावा लागत नाही. मुलाच्या प्रश्नाचे उत्तर त्याला रोज मिळतेच आहे. ते उत्तर आहे, हे फक्त कोणी दाखवून दिलेले नाही.

सासरे कदाचित म्हणतील की, भक्तीशिवाय देशप्रेम कोरडे राहते. तसे म्हणाले तर त्यांना डॉ. आंबेडकरांचे २५ नोव्हेंबर १९४९ चे भाषण ऐकवा. त्यात त्यांनी म्हटले आहे की, धर्मातली भक्ती आत्म्याच्या मुक्तीचा मार्ग असू शकेल, पण राजकारणातली भक्ती, म्हणजे विभूतिपूजा, ही अधोगतीकडे आणि अखेर हुकूमशाहीकडे नेणारी हमखास वाट आहे. बारकाईने पाहिले तर यात भक्तीला नकार नाही, तिची जागा ठरवून दिली आहे. जो मनुष्य विठ्ठलापुढे वाकतो त्याने मंत्र्यापुढे वाकू नये, असा त्याचा अर्थ मी लावते, आणि मला माहीत असलेल्या जुन्या वारकऱ्यांना तो पटत असे. त्याच भाषणात ते असेही म्हणाले की, हजारो जातींत विभागलेले लोक आपण राष्ट्र आहोत असे समजत असतील तर तो मोठा भ्रम आहे, आणि सामाजिक व मानसिक अर्थाने आपण अजून राष्ट्र झालेलो नाही हे जितक्या लवकर उमगेल तितके बरे. घटना तयार झाली त्या आठवड्यात, तिचा शिल्पकार हे सांगतो आहे! स्पर्धेचा विषय ‘राष्ट्र कसे घडले’ असा भूतकाळात आहे. मुलाने भाषणात एवढेच विचारले की, ते घडून संपले आहे का, तरी परीक्षक कान टवकारतील.

आता मुख्य गोष्टीकडे येते. तुम्ही ती पत्राच्या अगदी शेवटी, अधिकार नसल्याचे कारण म्हणून लिहिली आहे. सासऱ्यांचे वडील तासगावच्या मोर्चात होते, ‘एवढे ऐकून आहे.’ ताई, घरात एवढी मोठी गोष्ट असताना ती एवढीच का माहीत असावी? सप्टेंबर १९४२ मध्ये त्या मोर्चाने तासगावच्या मामलेदार कचेरीवर तिरंगा लावला. त्यानंतर काही दिवसांत, ९ सप्टेंबरला, वडूजच्या मोर्चावर गोळीबार झाला आणि परशुराम घार्गे यांच्यासह माणसे मारली गेली. लगोलग इस्लामपुरातही गोळ्या चालल्या. तासगाव आणि वाळवा हे तालुके तेव्हा सातारा जिल्ह्यातच होते. दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा १९४९ साली झाला आणि त्याला सांगली हे नाव १९६० साली मिळाले. सांगली शहर तर पटवर्धनांच्या संस्थानात होते आणि ते मार्च १९४८ मध्ये विलीन झाले, म्हणजे १५ ऑगस्ट १९४७ रोजी तुमच्या शहरात अजून राजेसाहेब गादीवर होते. राष्ट्र एका मध्यरात्री घडले, असे मुलाला वाटत असेल, तर त्याच्या पायाखालची जमीनच त्याला वेगळे सांगेल.

तेव्हा सासऱ्यांशी वाद घालण्याचा अधिकार शोधत बसू नका. त्यांना विचारा. मुलाला वही घेऊन त्यांच्यापुढे बसवा. पणजोबा घरून किती वाजता निघाले, बरोबर कोण होते, अंगावर काय होते, गळ्यात माळ होती का, पणजीने काय बांधून दिले, परत कधी आले, नंतर पोलीस घरी आले का, आणि मोर्चात त्यांच्या शेजारी चालणारा माणूस कोणत्या आळीतला होता. हा शेवटचा प्रश्न विसरू देऊ नका. त्यांना जे आठवत नसेल ते ‘आठवत नाही’ असेच मुलाने लिहावे, भर घालू नये. मग त्यांना प्रतिसरकारबद्दल बोलते करा. येडेमच्छिंद्रच्या नाना पाटलांचे, कुंडलच्या जी. डी. बापू लाडांचे ते सरकार १९४३ पासून १९४६ पर्यंत या भागात चालले. त्याची न्यायदान मंडळे होती, तूफान सेना होती, आणि कर्जात बुडवणाऱ्या लग्नांऐवजी अल्प खर्चातले गांधी विवाह होते. त्याच सरकारला लोक पत्री सरकार का म्हणू लागले, हेही सांगायला सांगा : गुन्हेगाराला आणि फितुराला तळपायावर फटके देऊन ‘पत्री मारली’ असे म्हटले जाई. मुलाने ते ऐकावे. पणजोबांची पिढी चित्रातली नव्हती; ती रागावत होती, चुकत होती आणि तरीही उभी राहत होती. शेजारीच, २४ जुलै १९४३ रोजी, वसंतदादा पाटील आणि त्यांच्या साथीदारांनी सांगलीचा तुरुंग फोडला. पाठलागात त्यांचे साथीदार प्राणाला मुकले आणि दादांना गोळी लागली. ती कृष्णा आणि तो परिसर तुमच्या मुलाने शंभरदा पाहिला असेल.

फाळणीबद्दल विचारले आहे. बारा वर्षांच्या मुलाला ती सांगावी असे माझे मत आहे, कारण आपण न सांगितल्यास त्याला ती मोबाईलवर कोणीतरी सांगणारच, आणि तिथे ती एकाच बाजूने मारलेल्यांची यादी म्हणून येते. रक्ताची वर्णने नकोत. दोन्ही बाजूंची लाखो माणसे घरे सोडून निघाली, दोन्ही बाजूंना माणसे मारली गेली आणि दोन्ही बाजूंना कोणी कोणाला लपवले, एवढे तीन धागे एकत्र सांगितले तर पुरे. मात्र फाळणी दूर पंजाबात आणि बंगालात झाली, असे सांगून आपले अंगण झाडून घेऊ नका. जानेवारी १९४८ मध्ये गांधीजींचा खून झाल्यावर सातारा, सांगली, कोल्हापूर या आपल्याच भागात ब्राह्मणांची घरे जाळली गेली. माझ्या आजोळच्या वाड्यातली एक तुळई अजून काळी आहे. लहानपणी मी कारण विचारले, तेव्हा आजीने आधी कोणी जाळले ते सांगितले नाही. त्या रात्री शेजारच्या मराठ्यांच्या घरात धान्याच्या कणगीमागे घरच्यांना कोणी बसवले, ते सांगितले. जाळणाऱ्यांबद्दल पुढे मीच विचारले, तेव्हा तेही लपवले नाही. मुलांना सांगण्याचा हा क्रम मला बत्तीस वर्षे पुरला. तुम्हालाही तोच सुचवते, कारण बेचाळीसला तिरंगा लावणारा मुलूखच अठ्ठेचाळीसला जाळपोळही करतो, हे मुलाला कधीतरी कळायचे आहेच, आणि ते घरात कळलेले बरे.

मिरजेच्या मित्राबाबत एक सावधगिरी सांगते. सद्भावनेने बोलणारी माणसे अशा वेळी म्हणतात की, बघा, मिरजेच्या मुसलमान कारागिरांनी देशाला तंबोरे दिले, बघा, कडेगावच्या मोहरमच्या ताबुतांत हिंदूंचाही मान आहे. या गोष्टी खऱ्या आहेत आणि सुंदर आहेत, आणि कडेगावचा मोहरम मुलांना जरूर दाखवावा. पण या गोष्टी मित्राच्या नागरिकत्वाचा पुरावा म्हणून सांगू नका. तुमच्या मुलाच्या घराण्याने देशाला काय दिले, हे विचारून त्याला कोणी वर्गात बसवलेले नाही. पणजोबा मोर्चात गेले नसते, तरी तो तेवढाच भारतीय ठरला असता. मित्राच्या घरी वाद्ये बनत नसतील, त्याचे वडील रिक्षा चालवत असतील किंवा कुठे कारकून असतील, तरी हिशेब तोच राहतो. मुलाला मित्रासाठी काही करायचेच असेल, तर भाषण तयार झाल्यावर ते आधी त्याला वाचून दाखवावे आणि ‘यात तुला न म्हणता येण्यासारखे काही आहे का’ असे सरळ विचारावे. बारा वर्षांची मुले हे फार सहज करतात, अवघडतो आपण.

घरातल्या दोघांच्या मध्ये तुम्ही काय करावे, याचे उत्तर त्यामानाने सोपे आहे : मध्ये उभ्या राहू नका. एकाचा निरोप दुसऱ्याला पोहोचवू नका आणि कोण बरोबर, याचा निवाडाही देऊ नका. सासरे आणि पती या दोघांना एखाद्या रविवारी नातवासह गाडीत बसवून औंधला पाठवा. जाताना विटा लागेल आणि पावसाळ्यात तो रस्ता हिरवागार असतो. यमाईच्या डोंगराच्या पायऱ्या सासऱ्यांनी चढाव्यात, भवानरावांनी उभारलेले संग्रहालय पतींनी पाहावे आणि परतताना चहाला एकत्र थांबावे. अबोला पत्राने किंवा युक्तिवादाने फारसा सुटत नाही. वळणावळणाच्या रस्त्यावर शेजारी बसले की कोणीतरी आधी ‘गाडी जरा हळू घे’ म्हणतो आणि बोलणे सुरू होते.

भाषण मुलाने स्वतः लिहावे. तीन-चार मिनिटांचे असावे, पणजोबांची गोष्ट मध्यभागी असावी, आणि आजोबांचे म्हणणे घ्यावेसे वाटले तर ‘माझे आजोबा म्हणतात’ असे सांगून घ्यावे. मग त्यात ईश्वराची कृपाही बसेल आणि कोणावर लादलीही जाणार नाही. वडिलांचे म्हणणेही याच रीतीने घेता येईल. दोघांनीही कच्चा मसुदा तपासायला मागू नये, एवढी अट मात्र तुम्ही घाला, आणि ती पाळली जाईल याकडे लक्ष ठेवा. पहिले वाक्य त्याने कोणते लिहिले, हे आजोबांना आणि वडिलांना १५ ऑगस्टच्या सकाळी, शाळेच्या पटांगणात, इतर पालकांबरोबर सतरंजीवर बसूनच कळू द्या.